यंदा घोडा

आमच्या ब्लॉकची लिफ्ट तळापासून नवव्या मजल्यावर पोचायला जेवढा वेळ घेते, तेवढ्यात शेजारच्या आंटी कुणाचंही वय काढून मोकळ्या होतात. सरळ वय विचारणं बरं दिसत नाही. म्हणून त्या विचारतात, "यू, व्हॉट अ‍ॅनिमल?" प्राणी एकूण बारा, वर्षाला एक. समोरचा "ससा" म्हणाला की आंटी त्याच्या केसांवरून आणि मग पोटावरून नजर फिरवतात, आणि १९७५ की १९८७ याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. दार उघडेपर्यंत यंदा नोकरी बदलायची नाही, हेही त्याला सांगून झालेलं असतं.

अशी एखादी आंटी सिंगापुरातल्या जवळपास प्रत्येक सरकारी इमारतीत सापडते. आपल्याला भविष्य कळतं, असा तिचा दावा नसतो. भविष्य सांगणारे वेगळे, ते पैसे घेतात. आंटींचं खातं बंदोबस्ताचं. कुणाला कुठलं वर्ष जड हे पंचांगात छापूनच येतं. त्यावर उपाय काय, तो स्वस्त कुठे मिळतो आणि तिथे कुठली बस जाते, ते आंटींना विचारायचं.

आंटी १९५४ च्या, म्हणजे घोडा. अंकल १९४८ चे, म्हणजे उंदीर. बाराच्या चक्रात हे दोघे बरोबर समोरासमोर येतात, आणि समोरासमोरच्यांचं कधी पटत नाही. दोन्ही घरांनी विरोध केला, तरी यांनी लग्न केलं. तेव्हापासून अंकलनी छत्री विसरली, कॉफीत साखर घातली, लॉटरीचा नंबर चुकीचा लावला, काहीही झालं तरी आंटी एवढंच म्हणतात, "उंदीर आणि घोडा. तेव्हाच सांगितलं होतं." ज्यांनी सांगितलं होतं ते सासरे कधीच वारले, त्यांची गादी आता सूनबाईच चालवतात.

माझा जन्म १० फेब्रुवारी १९८५ चा. चायनीज हॉटेलातल्या कागदी मॅटवर १९८५ पुढे बैल छापलेला असतो, पण आंटी मॅटवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हेत. त्यांनी लाल पुठ्ठ्याचं, विटेएवढं जाड पंचांग उघडलं. त्या साली चिनी नवं वर्ष २० फेब्रुवारीला लागलं, म्हणजे मी उंदीर. पण फेंगशुईवाल्यांचं वर्ष ली छुनला, वसंताच्या पहिल्या दिवशी बदलतं, आणि तो चार तारखेलाच येऊन गेला होता. म्हणजे मी बैल. दोन मतं आहेत म्हटल्यावर संशयाचा फायदा मला मिळेल, अशी आशा होती. आंटींनी बोटं मोजली. दरवर्षी एक थाय सुई, म्हणजे त्या वर्षाचा कारभारी देव, गादीवर येतो. आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखे हेही साठच, फक्त हे चिडतात. घोड्याच्या वर्षी त्यांची खप्पा मर्जी चौघांवर: खुद्द घोडा, उंदीर, बैल आणि ससा. "सेम-सेम," आंटी समाधानानं म्हणाल्या. "शनिवारी नऊ वाजता खाली ये."

शनिवारी आम्ही वॉटर्लू स्ट्रीटवर गेलो. तिथल्या क्वान इम थोंग हूड चो मंदिरात थाय सुईंसाठी जमिनीखाली वेगळं दालन आहे. तिथलं काम आटोपल्यावर आंटी तशाच शेजारच्या श्रीकृष्ण मंदिराकडे वळल्या. वॉटर्लू स्ट्रीटवर ही रीतच आहे; दाराबाहेर चिनी भक्तांच्या उदबत्त्यांसाठी मोठं पात्र ठेवलेलं असतं. मी कृष्णाला हात जोडून निघालो, तर आंटींनी मागे ओढलं. "असं काय करतोस? तीनदा वाकायचं!" मी कृष्णापुढे तीनदा वाकलो.

आंटींचा मुलगा १९८८ चा, ड्रॅगन. बाराही प्राण्यांत वरचा. पैसा, मान, कर्तृत्व सगळं त्याच्या वाट्याला. अडचण एवढीच की हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सिंगापुरात १९८७ साली ४४ हजारांच्या आत मुलं जन्मली, १९८८ साली जवळजवळ ५३ हजार. (परवडत असेल तर तीन होऊ द्या, असं सरकारनंही तेव्हा नुकतंच म्हटलं होतं, आंटी त्याचं श्रेय सरकारला देत नाहीत.) त्यामुळे हा भाग्यवान मुलगा पहिलीच्या प्रवेशाला गेला तेव्हापासून त्याच्यापुढे रांगेत नऊ हजार जादा भाग्यवान उभे.

२०२४ ला पुन्हा ड्रॅगन आला तेव्हा मुलाचं लग्न ठरलेलं होतं आणि आंटींना ड्रॅगन नातवंड हवं होतं. खुद्द पंतप्रधान ली शिएन लूंग, तेही १९५२ चे ड्रॅगन, नववर्षाच्या संदेशात जोडप्यांना हेच सुचवत होते. पण पंचांग आडवं आलं. ते वर्ष १० फेब्रुवारीला सुरू होऊन पुढच्या २८ जानेवारीला संपत होतं. ली छुन त्यात बसतच नव्हता. असलं वर्ष म्हणजे विधवा वर्ष, त्यात लग्न नको. मूल झालं तर मात्र उत्तम! आंटींनी तोड काढली: लग्न ९ फेब्रुवारीच्या आत, मूल पुढच्या जानेवारीच्या आत. मुलगा म्हणाला, सरकारी फ्लॅटच्या चाव्याच २०२५ ला मिळणार आहेत. लग्न सापाच्या वर्षात झालं. देशाचा प्रजननदर ०.९७ होता, तो ड्रॅगन येऊन गेला तरी ०.९७ च राहिला. मुलानं मांजर आणलं.

मांजर बारा प्राण्यांत नाही. प्राण्यांचे नंबर ठरवायच्या शर्यतीच्या दिवशी उंदरानं त्याला उठवलंच नाही, म्हणून त्याचा नंबर हुकला आणि उंदीर पहिला आला, अशी गोष्ट आहे. आंटींनी मांजराची जन्मतारीख विचारली. नोव्हेंबर २०२४. "ड्रॅगन," त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या, आणि अंकलना त्याच्यापासून लांब बसायला सांगितलं.

यंदा खुद्द आंटींचं वर्ष, आणि आपल्याच प्राण्याचं वर्ष सगळ्यांत जड. उपाय: लाल कपडा, अंगाला लागून, वर्षभर. तोही स्वतः विकत घ्यायचा नाही, कुणीतरी भेट द्यायला हवा. म्हणून आंटींनी अंकलना पैसे, दुकानाचा पत्ता आणि मापाला एक जुनी चड्डी पिशवीत घालून भेट आणायला पाठवलं. अंकल एक माप मोठं घेऊन आले. (उंदीर आणि घोडा.) आता आमच्या ब्लॉकच्या मागे उभं राहून खिडक्यांबाहेरच्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे बघितले की कोण कोण घोडा आहे ते मोजता येतं. चौथ्या मजल्यावरचे मितभाषी मास्तर १९६६ चे असावेत, असा आंटींचा जुना अंदाज होता. तो मंगळवारी वाळत पडला.

१९६६ चा घोडा यंदासारखाच अग्नीचा. त्या साली जन्मलेल्या मुली नवऱ्याला भारी पडतात, या धास्तीनं जपानमधले जन्म चौथ्या हिश्श्यानं घटले होते. हे मी आंटींना सांगितलं. "जपानी लोक फार अंधश्रद्धाळू," असं म्हणून त्या केस कापायचा दिवस पंचांगात शोधू लागल्या.

ली छुनला बँकेत पैसे भरले की वर्षभर भर पडत राहते, असा इथे समज आहे. प्राण्यागणिक वेळा ठरलेल्या असतात आणि पैसे भरायच्या मशीनपुढे रांगा लागतात. ४ फेब्रुवारीला आंटी ८८८ डॉलर घेऊन उभ्या होत्या. मशीन नाणी घेत असतं तर वर ८८ सेंटही भरले असते. दोन डॉलरची एक नोट मशीन सारखी बाहेर टाकत होतं. आंटींनी ती मांडीवर दाबून सरळ केली, कोपरा उलगडला, फुंकर मारली. मागचा टाय लावलेला तरुण घड्याळाकडे बघत म्हणाला, "आंटी, डुकराची वेळ संपत आली, मला भरू द्या!" नोट आत गेली.

मला त्यांनी दोनदा उभं केलं, एकदा उंदराच्या वेळेला आणि एकदा बैलाच्या. बैलाची वेळ आली तेव्हा खिशात काही उरलं नव्हतं. आंटींनी मला पलीकडच्या एटीएमकडे ढकललं. मघाशी भरलेलेच पैसे काढून मी पुन्हा रांगेत येऊन उभा राहिलो.