नाक कुणाचं?

वालचंदनगरच्या आसपासच्या उसाला वंशावळीची कटकट नाही. को ८६०३२ जातीचं बेणं तोडायचं, दोन डोळ्यांची टिपरी करायची, सरीत दाबायची. उगवतो तो पुन्हा को ८६०३२च. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांचं लग्न लागलं, त्यांचं एक रोप पसंत पडलं, आणि नीरा डाव्या कालव्यावर या जातीचा जेवढा ऊस डुलतो तो सगळा त्या एका रोपाचा विस्तार. तुरा आला तर कौतुक नाहीच, कपाळाला आठी. गावातल्या कारखान्याचाही तोच बाणा. इस्रोच्या अग्निबाणांसाठी इथे मोटर केसिंग बनतात. एखादं ड्रॉइंगपेक्षा केसभर वेगळं निघालं, तर ‘अगदी आजोबांवर गेलंय हो’ असं कुणी म्हणत नाही.

ते म्हणायचं बारशाला. आत्याबाई म्हणतात, नाक आमच्या दादांचं. मामी म्हणतात, असेल, पण हनुवटी आमच्या अण्णांची.

माणसाच्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एकेकच पुढे जातं, कुठलं ते नशिबावर. नुसत्या एवढ्यावर एका माणसाकडे ८३,८८,६०८ तऱ्हा तयार होतात. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा म्हणतात तो, थोडासाच कमी, एकट्या जावईबापूंच्या अंगात! (योगायोग आहे, यावर कुणी व्याख्यान ठोकू नये.)

पण त्याआधीच एक उद्योग झालेला असतो. जोडीतली दोन गुणसूत्रं, एक आजोबांकडून आलेलं, एक आजीकडून, शेजारी येतात आणि आपापले तुकडे बदलून घेतात. बापाकडे असे सांधे सरासरी पंचवीस-सव्वीस, आईकडे चाळीसच्या आसपास. तेही ठरावीक जागी जास्त. मधले पट्टे पिढ्यान्‌पिढ्या अखंड. त्यामुळे आईचे आठ आणे, बापाचे आठ आणे हे ठीक; पण आजी-आजोबांचे चार-चार आणे फक्त सरासरीत. प्रत्यक्षात आजोबा साडेतीन आण्यांवर राहतात आणि आजी साडेचार घेऊन जातात, नेहमीप्रमाणे. शिवाय नाक काही एका जनुकाचं नसतं. दांडा यांचा आणि नाकपुड्या त्यांच्या, असा तह व्हायला शास्त्राची हरकत नाही.

आईकडच्या आजींचा दावा मात्र सगळ्यांत जुना. बापाकडचं काम ताजं, दोन-अडीच महिन्यांत उरकणारं. मुलीच्या अंडपेशींतली तुकड्यांची अदलाबदल तिच्या जन्माआधीच होऊन जाते. पाळण्यात हा जो पाय झाडतोय, त्याच्या आईकडच्या वाट्याची ही उलटापालट चालली होती तेव्हा त्याची आई आजींच्या पोटात चार-पाच महिन्यांची होती. त्याच दिवसांत आजींना चिंचेचे डोहाळे लागले होते. बाळाच्या आंबट चेहऱ्याचा दोष विहीणबाई आता त्या चिंचांवर ढकलू पाहतात, पण तो कज्जा जनुकशास्त्राच्या हद्दीत येत नाही.