देवाला ड्राय डे नसतो

आमच्या धाकट्या मेहुण्याने नाशिकच्या सहलीचं एक्सेल पत्रक पाठवलं. त्यात 'उद्दिष्ट' असा एक रकाना होता आणि त्याखाली लिहिलं होतं : चांगली वाइन, सुंदर निसर्ग. मेहुणा हिंजवडीला असतो. तिथे चहा प्यायला उठायचं तरी उद्दिष्ट लागतं.

नाशिकला या दोन्ही गोष्टी मुबलक आहेत. फक्त त्या जावा-जावांसारख्या वागतात, एकीच्या घरी दुसरी पाऊल ठेवत नाही. जुलै-ऑगस्टात जावं तर गंगापूर धरण तुडुंब, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी ढगात, डोळे निवतात. पण वेलीवर नुसता पाला. द्राक्षाचा एक मणी दिसणार नाही. घड पाहिजे तर जानेवारी ते मार्च. तेव्हा डोंगर भाजलेल्या पापडासारखे. आणि दोन्ही नको असेल तर मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जावं.

याचं कारण कात्री. युरोपातली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपी जाते आणि वसंतात आपसूक उठते. नाशिकच्या वेलीने बर्फ पाहिलेला नाही, त्यामुळे ऋतूचं काम माणसाला करावं लागतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोड छाटणी, मग कुठे थंडी सरता सरता फळ. हे सगळं मी मेहुण्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "भावजी, पण व्ह्यू असेल ना?"

मग तारीख. तीन घरं, सहा नोकऱ्या, दोन शाळा. एवढ्यांना मिळून सुट्टी द्यायची ताकद फक्त राष्ट्रात आहे. म्हणून सोमवारी आलेली २६ जानेवारी सर्वानुमते मंजूर झाली. शनिवारी प्रवास, रविवारी त्र्यंबकेश्वर, सोमवारी वाइनरी. त्र्यंबकेश्वर हे पत्रकात मागाहून आलं, कारण सासूबाईंना तेवढंच सांगितलं होतं आणि ते ऐकून त्या पहाटे पाचला पिशवी भरून दारात उभ्या राहिल्या. सोमवारच्या रकान्यात त्यांच्या प्रतीत 'द्राक्षांचा कारखाना' असं होतं.

गाडी चालवायला आमचे साडू. ते माळकरी आहेत. वाइनच्या सहलीत माळकरी साडू असणं ही पूर्वजन्मीची पुण्याई आहे, एरवी या जागेसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. भिवंडीला दीड तास गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भिवंडीबद्दल सगळं लिहून झालेलं आहे. कसारा घाटात ट्रकांच्या मागे उभे असताना साडूंनी आरशात बघत शांतपणे विचारलं, "सोमवारी प्यायचंय म्हणता, पण सोमवारी ड्राय डे नाही का?"

गाडीत जी शांतता पसरली ती मी याआधी दहावीच्या निकालालाच अनुभवली होती. बरोबरच होतं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर : मराठी माणसाला सहकुटुंब मोकळं सोडणारे हे तीन हुकमी दिवस आणि तिन्ही दिवशी बूच बंद. मेहुण्याने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून रविवार आणि सोमवार यांची अदलाबदल केली. सासूबाईंनी विचारलं, "देव पुढे का ढकलला?" बायको म्हणाली, "आई, रविवारी फार गर्दी असते गं." सासूबाई म्हणाल्या, "सोमवारी कमी असते होय? महादेवाला?"

पण देवाला ड्राय डे नसतो, ही त्याची मोठीच सोय आहे.

तेव्हा रविवारी वाइनरी. कोणती ते सांगत नाही. मुंबईतल्या निम्म्या गाड्या तिथेच होत्या, त्यावरून काय ओळखायचं ते ओळखा. एके काळी या रस्त्याला कुणी येत नसे. राजीव सामंत नावाचा तरुण अमेरिकेतली संगणकाची नोकरी सोडून वडिलोपार्जित जमिनीवर आला, आधी आंबा वगैरे लावून पाहिला आणि मग वाइनच्या द्राक्षाकडे वळला. आईचं नाव सुलभा, म्हणून वाइनचं नाव सुला. २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. त्याच्याही आधी नारायणगावला चौगुल्यांनी फेसाळती वाइन करून परदेशात पाठवली होती, पण तिथे कुणी सेल्फी काढायला जात नव्हतं. तेव्हा फोनला वायर होती.

आत शिरताच मेहुणीने वेलीवरचा एक मणी तोडून तोंडात टाकला आणि "बी आहे!" असं ओरडली. मळा दाखवणारा मुलगा हसला. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचंच असतं. रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बियांतून. खाण्याच्या थॉमसनमध्ये पाणी फार. मेहुणीला हे पटलं नाही. तिच्या मते एवढे पैसे घेतात तर बिया काढून द्यायला हव्यात.

चाखण्याच्या खोलीत लांब लाकडी टेबल, त्यावर पाच-पाच ग्लास आणि प्रत्येकात तळाला घोटभर. आमच्याकडे तीर्थ यापेक्षा सढळ हाताने देतात. ग्लास देठाला धरायचा, फिरवायचा, नाक आत घालायचं, मग घोट तोंडात खेळवायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचा. इथे आमच्या रांगेत बंड झालं. पलीकडचे ठाण्याचे एक गृहस्थ म्हणाले, "पैसे मोजलेत हो. थुंकायचं कसलं?" ते भांडं शेवटपर्यंत कोरडं राहिलं. त्यात कुणीतरी चण्याची पुडी टाकली तेवढीच.

मुलगा सांगत होता : हिच्यात ढोबळी मिरचीचा वास येईल, हिच्यात ताज्या गवताचा, ही जरा मिरपुडीकडे जाते. मेहुण्याला सगळे वास येत होते. त्याला तर ओल्या दगडाचाही आला. मला फक्त आंबट वास येत होता, पण कबूल करायची हिंमत झाली नाही, म्हणून मी मान हलवत 'पेरू' म्हणालो. मुलगा खूश झाला.

सासूबाई टोकाला बसल्या होत्या. पिणार नाही म्हणाल्या, पण वासाला पैसे पडत नाहीत ना, असं विचारून त्यांनी पाचही ग्लास ओळीने नाकाशी नेले. दुसऱ्याशी थबकल्या. "जावईबापू," त्या मला म्हणाल्या, "मोरावळा फसला ना बरणीत, की असाच वास येतो. वरती बुडबुडे येतात, झाकण उडतं." मुलाने मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्याने जमिनीकडे. त्यांनी यीस्टचं संपूर्ण शास्त्र एका बरणीत सांगितलं होतं. पुढे म्हणाल्या, "म्हणजे ही दारूच की."

हा प्रश्न महाराष्ट्राला इतक्या सहज सुटलेला नाही. आपल्या राज्यात दारूबंदी आहे. हसू नका, १९४९ चा कायदा अजून आहे. त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो; एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो आणि आपण आरोग्य राखण्यासाठी पितो असं त्यात गृहीत धरलेलं असतं. त्याच राज्याने २००१ मध्ये द्राक्षांच्या वाइनला उत्तेजन देणारं धोरण आणलं. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने वाइन सुपरमार्केटात ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं. मग वाइन म्हणजे दारू की शेतमाल, यावर असा काही धुरळा उडाला की निर्णय कागदावरच राहिला. शेतकऱ्याचं भलं होईल म्हणणारे आणि संस्कृती बुडेल म्हणणारे असे दोन तट पडले. आमच्या सोसायटीत दोन्ही तटांची मंडळी एकाच गच्चीवर बसतात.

नाशिककरांना यात काही वावगं वाटत नाही. ते गोदावरीला गंगा म्हणतात. ही गंगा त्र्यंबकला उगम पावते, गंगापूरच्या धरणात वाइनवाल्यांच्या पायऱ्यांखाली विसावते आणि मग खाली रामकुंडात लोकांची पापं धुवायला जाते. वाटेत कुठे फाटक नाही.

सूर्य धरणामागे गेला तेव्हा सगळे निसर्गाकडे पाठ करून उभे राहिले आणि फोन वर केले. सुंदर निसर्ग हा पाठीमागे असायचा पदार्थ आहे, हे मला तेव्हा कळलं.

साडू कुठे दिसेनात. शोधायला गेलो तर पलीकडच्या बागेच्या बांधावर एका शेतकऱ्याशी गप्पा चाललेल्या. थॉमसनची बाग. मांडवाखाली घडच घड, आणि प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला. दिवसा ऊन, रात्री कडाका, असं झालं की मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीला चालत नाहीत, म्हणून थंडीत ही टोपडी घालावी लागतात. साडूंना तासाभरात बाग पाठ झाली होती. डावणी, भुरी, फवारणीचा खर्च, गेल्या वेळची गारपीट, बँकेचा हप्ता. त्यांनी एक थेंब न पिता आमच्यापेक्षा जास्त चाखलं होतं.

"हे आमचे साडू," त्यांनी ओळख करून दिली. "पेपरात लिहितात."

शेतकऱ्याने मला आपादमस्तक पाहिलं. मग जवळचा एक घड हळूच उचलून कागद थोडा उलगडला. आत हिरवेगार मणी, अजून जरा कडक. कागदावर डाव्या कोपऱ्यात माझा फोटो होता. नोव्हेंबरातलं सदर. मी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर लिहिलं होतं, बऱ्यापैकी कळकळीने.

"वाचलंत का?" मी विचारलं.

"रद्दी किलोवर येते ना भाऊ," तो म्हणाला. "पण हे पान चांगलं. जाहिरातीचं गुळगुळीत पान घडावरून घसरतं, हे बसतं बघा गच्च." आणि त्याने माझं तोंड पुन्हा घडावर गुंडाळून वर पीळ दिला.

सासूबाईंनी त्याच्याकडे द्राक्षं मागितली. तो म्हणाला, "अजून पंधरा दिवस थांबा आजी, गोडी भरायची आहे." त्यांनी तेवढ्यात साडूंकडून तारीख मोजून घेतली. महाशिवरात्र येत होती.