सेवाग्राम, तिसऱ्या गिअरमध्ये

वर्ध्याच्या माणसाला यंत्रांविरुद्ध बोलण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. हिवाळ्यात पाहुणे आले की त्यांना गाडीत घालायचं, सेवाग्रामला न्यायचं आणि वाटेत, एसी लावून, गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये यंत्रांना कसं झोडपलंय ते सांगायचं. मी हे अनेक वर्षं करत आलोय. गाडीनं कधी मनावर घेतलं नव्हतं.

यंदा पुण्याचे मेहुणे येणार होते आणि नेमका क्लच घसरू लागला. रेल्वेच्या पुलावर चढताना इंजिन नुसतं किंचाळायचं, गाडी मात्र मागच्या सायकलवाल्याला वाट देत असायची. गॅरेजवाल्यानं गाडी एक चक्कर फिरवली, नाकानंच निदान केलं आणि म्हणाला, “सर, प्लेट जळाली. पूर्ण सेटच टाकून घ्या. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्स खाली उतरवाच लागते, मंग अर्धं काम कायले करता?”

“हो ना, रिलीज बेअरिंग तर जातंच,” मी बॉनेटवर हात ठेवून म्हणालो. हा शब्द मी क्षणभरापूर्वी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला होता.

गाडी आली. पॅडल हलकं, गिअर गुळगुळीत. मेहुणे पुढे बसले, बायको आणि वहिनी मागे. वर्धा ते सेवाग्राम जेमतेम आठ किलोमीटर. त्यात माझं भाषण कसंबसं बसतं, म्हणून मी पहिल्याच चौकात सुरुवात करतो. पण यंदा माझ्या आवाजात दुसराही एक आवाज मिसळत होता. बारीक, लांब, रडवेला. वेग वाढवला की तो वरच्या पट्टीत जायचा.

“भावजी, आवाज येतोय कसला तरी.”

“नवीन क्लच आहे. बसायला वेळ लागतो.”

“नवीन चप्पल आहे का ती?” मागून बायको.

मी आवाज चढवला. गाडीनंही चढवला. तेव्हा मी माझा हुकमी विषय काढला : चरख्याचं बक्षीस. गांधीजी यंत्राचे सरसकट वैरी होते असं समजणाऱ्या पुणेकरांना गार करायला याच्यासारखा दाखला नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे लाख! अटीही तशाच. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. बाईमाणसाला फारसं न थकता सलग आठ तास चालवता यावा, आणि तेवढ्या वेळात सोळा हजार फूट सूत निघावं. वेळच्या वेळी देखभाल केली तर यंत्र वीस वर्षं टिकावं. आणि सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च...

“यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये!” असं म्हणत मी चौथा गिअर टाकायला गेलो.

तो पडला नाही. पाचवा, दुसरा, न्यूट्रल, काहीच नाही. दांडा तिसऱ्यात रुतून बसला होता. पुढच्या गतिरोधकावर खालून असा काही खडखडाट झाला की वहिनींनी पर्स छातीशी धरली. गाडी बाजूला घेतली, तेव्हा तापलेल्या लोखंडाचा वास येत होता आणि भाषण पाच टक्क्यांवरच राहिलं होतं. (ते बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.)

फोनवर गॅरेजवाला शांत होता. “ओढून आणा सर. तिसऱ्यात अडकली ना? मंग क्लच दाबूनच ठेवा.”

जिनिंगला कापूस नेणारा एक ट्रॅक्टर थांबला. त्या भल्या माणसानं काही न विचारता ट्रॉलीमागे दोरखंड बांधला. बायको आणि वहिनी ऑटोनं पुढे गेल्या. ओळख दाखवली नाही. मी डावा पाय पूर्ण दाबून बसलो. नव्या क्लचचा इतका सलग वापर तो बनवणाऱ्यांच्याही मनात आला नसेल. समोर कापसाचा डोंगर, काचेवर उडून येणारे बोंडांचे पुंजके, आणि शेजारी मेहुणे.

“भावजी, ती ऑक्सफर्डची गोष्ट सांगा ना.”

जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड गाडीला इथं बैल जुंपले होते आणि गांधीजी गमतीनं तिला ऑक्सफर्ड म्हणायचे, अशी ती गोष्ट. दर वर्षी मीच ती रंगवून सांगतो. यंदा नाही सांगितली. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी याच बाजूला, तेव्हाच्या सेगावात, राहायला गेले ते पायी. त्यामुळे पोचले.

गॅरेजात गिअरबॉक्सचा तळाचा बूच काढला. खाली बादली ठेवली होती. तिची गरज नव्हती. दोन-चार काळे थेंब पडले, आणि बुचाच्या चुंबकावर लोखंडाचा चमचमता कीस. क्लच बदलायचा तर आधी चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात, त्याआधी गिअर ऑइल सांडून घ्यावं लागतं. माझ्या गाडीत ते साधारण दोन लिटर बसतं. पेटी परत चढवली की वरच्या बुचातून ते पुन्हा भरायचं. ही शेवटची पायरी राहिली होती. इंजिनात तेल कमी झालं तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. गिअरबॉक्सला बिचाऱ्याला दिवाच नाही. दात्यांना चिकटून राहिलेल्या ओलाव्यावर ती काही अंतर चालली, मग बेअरिंगं रडू लागली, मग पितळी सिंक्रो रिंगा गेल्या. आणि मी त्या रडण्यावर चरख्याचं भाषण देत होतो.

भांडणाची तयारी मी ट्रॅक्टरमागेच केली होती. वाक्यं पाठ होती. पण १४ जुलै १९४२ ला ज्या गावात काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांना चालते व्हा म्हणायचा ठराव केला, त्याच गावात मला एका माणसाला “तेल कुठंय?” एवढं विचारता येईना. कारण त्यानं आधीच चहा मागवला होता. “पोरगं नवीन आहे सर, त्याच्यानं राहून गेलं,” तो म्हणाला. पोरगं कोपऱ्यात पाना पुसत उभं होतं, डोळ्यांत पाणी. “होतं असं,” मी म्हणालो. वर “रागावू नका त्याला,” हेही म्हणालो. वाटाघाटी मेहुण्यांनी केल्या : मजुरी त्याची, सामान माझं. सामान म्हणजे जवळपास सगळीच पेटी. त्या आकड्याचं गाडीच्या किमतीशी प्रमाण काढायला बायकोनं मला सक्त मनाई केली आहे.

गाडी न्यायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “सर, तेवढे गूगलवर पाच स्टार देऊन द्या ना.”

एक तरी कापायचा असं ठरवून मोबाईल काढला. पण तो खांद्यावरून बघत होता.