आडवे काका

सायकलवाल्यांतही जाती आहेत. दुधाची पिशवी आणायला म्हणून निघून लोणावळ्याला पोचणारे, सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी हाणून वजन पूर्ववत करणारे, दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची पदकं हॉलमध्ये टांगणारे. या सगळ्यांच्या वरचा, म्हणजे खरं तर सगळ्यांच्या खालचा, रस्त्यापासून जेमतेम दोन फुटांवर पाठ टेकून, पाय पुढे सोडून, आभाळाकडे बघत जाणारा असतो तो रिकम्बंटवाला. आमच्या सोसायटीत एक आहेत. पोरं त्यांना ‘आडवे काका’ म्हणतात आणि काकांना ते मनापासून आवडतं.

हा माणूस हटकून निवृत्त इंजिनिअर असतो. बँकेतून निवृत्त झालेला फार तर गिअरची सायकल घेईल. सांगाड्याचं ड्रॉइंग स्वतः काढायचं, भोसरीच्या फॅब्रिकेटरच्या डोक्यावर उभं राहून तो वेल्ड करून घ्यायचा आणि वर त्याला वेल्डिंग शिकवायचं, हे यांनाच जमतं.

“काय काका, कंबरेचं ऑपरेशन झालंय का?” असं सिग्नलला एखादा रिक्षावाला विचारतो. काका त्याला १९३३ साल सांगायला घेतात. त्या वर्षी ७ जुलैला पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या बेताच्या सायकलपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या आडव्या सायकलीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर काटले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकल कशाला म्हणायचं याचे नियम असे बांधले, की ही बादच. “झोपून जिंकला ना, ते बघवलं नाही त्यांना!” काका हे अशा तळतळाटाने सांगतात, की ऐकणाऱ्याला फोर हा काकांचा थोरला भाऊ वाटावा. तोवर सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झालेला असतो.

काकांची कन्याकुमारी ठरलेली होती. तारीख ठरलेली नव्हती, कारण सामान पुरं व्हायचं होतं. अंतर साधारण दीड हजार किलोमीटर, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत. येताना कन्याकुमारीहून पुण्याला थेट रेल्वे आहे. काकू म्हणायच्या, “मग जातानाही तिनेच जा की.”

साध्या सायकलीचं सामान या सायकलीला चालत नाही, आणि काकांचं खरं सुख तिथेच आहे. पाठ सीटला टेकलेली, तेव्हा सॅक बाद. पाण्याची पिशवी सीटमागे टांगून नळी खांद्यावरून तोंडाशी आणायची. मान वळवून मागचं दिसत नाही, म्हणून दोन आरसे, आणि त्या आरशांवर विश्वास नाही म्हणून चष्म्याच्या काडीला तिसरा. ऊन थेट हनुवटीखाली आणि मांड्यांवर लागतं, त्याचं मलम वेगळं. खड्डा आला की बूड उचलायची सोय नाही, रस्त्याचा सगळा हिशेब मणके चुकते करतात. त्यामुळे सीटवर फोम, फोमने घाम येतो म्हणून त्यावर जाळी. चढावर उभं राहून पॅडल मारता येत नाही, सगळा भार मांड्यांवर. तेव्हा कात्रज आणि खंबाटकीसाठी मागे बेचाळीस दात्यांची कॅसेट. पॅडल पुढच्या चाकाच्याही पुढे, त्यामुळे चेन नेहमीच्या अडीच-तीन चेन जोडून होते. काका ती डिझेलमध्ये धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालतात. दोरी काकूंची आहे. चादरीही काकूंच्याच होत्या.

वॉल्वसाठी तर काकांनी रिमची भोकं ड्रिलने वाढवून घेतली. शर्यतीच्या सायकलींचा बारीक वॉल्व खेड्यात कोण भरून देणार? आता मोटारीचा वॉल्व बसतो, पेट्रोल पंपावर हवा मिळते. हे मात्र मला पटलं. पुढचं चाक वीस इंची, त्याची ट्यूब कुठल्याही तालुक्याला पोरांच्या सायकलीची म्हणून मिळेल, हेही काकांनीच सांगितलं आणि तीन जादा ट्यूब बांधल्या.

झेंड्याचा प्रश्न सगळ्यांत जास्त चालला. सायकल एवढी ठेंगणी, की ट्रकवाल्याला दिसावी म्हणून मागे उंच काठी आणि तिला झेंडा हवाच. पहिला नारिंगी लावला. सासवड रस्त्यावर एका आजींनी पाया पडून “कुठल्या दिंडीचे, माउली?” विचारलं आणि केळी दिली. केळी काकांनी खाल्ली, झेंडा बदलला. निळा लावला, हिरवा लावला. प्रत्येक वेळी चौकातल्या कुणी ना कुणी एकतर जयघोष केला, नाहीतर डोळे वटारले. महाराष्ट्रात गुलाबी रंगही आता मोकळा उरलेला नाही. शेवटी काकूंच्या ठिपक्याठिपक्यांच्या जुन्या साडीचा तुकडा लागला. त्यावर अजून कुठल्या पक्षाने दावा सांगितलेला नाही.

मग वजनं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काकांच्या खोलीत गेला तो गेलाच. मेतकूट काट्यावर, सुई-दोरा काट्यावर, पंक्चरच्या ठिगळांची डबी उघडून सोल्युशनची ट्यूब वेगळी काट्यावर. वजन सीटच्या खाली, दोन चाकांच्या मधे आणि डावं-उजवं सारखं हवं, नाहीतर हळू चालवताना तोल जातो. ही तत्त्वं रास्तच. पण काकूंनी डावीकडच्या पिशवीत लाडवांचा स्टीलचा डबा सरकवला. डबा काढण्याची काकांची छाती नव्हती. उजवीकडे पाने होते, पण लाडू खाल्ला की डावी बाजू हलकी होणार आणि पाने काही खाता येत नाहीत. तेव्हा पाने मध्यभागी गेले आणि उजवीकडे लाडवांच्या वजनाचा चिवडा आला. वाटेत गोड खाल्लं, की त्याच वजनाचं तिखट खायचं, असं एक्सेलमध्ये लिहिलेलं मी पाहिलं आहे.

सगळं लादल्यावर सायकल वऱ्हाडाच्या टेम्पोसारखी दिसायला लागली. निघायच्या पहाटे काकू निरांजन घेऊन खाली आल्या. काका आधीच सीटवर आडवे झालेले. आता झोपलेल्या माणसाला ओवाळायचं कसं, हे कुणालाच सुचेना. “उठा हो जरा, हे असं बरं दिसत नाही,” असं त्या म्हणाल्या, पण बुटांच्या क्लिपा पॅडलमध्ये अडकलेल्या. अखेर काकूंनीच वाकून कुंकू लावलं. गेटचा चढ जागच्या जागी निघेना, तेव्हा वॉचमनने मागून ढकललं. कोपऱ्यावरची कुत्री नेहमीप्रमाणे धावत आली आणि भुंकायचा माणूस आपल्याच नजरेच्या पातळीवर आहे हे बघून दोन पावलं मागे सरली.

खंबाटकीचा चढ भल्याभल्यांना वैराग्य शिकवतो. त्याच संध्याकाळी साताऱ्याहून एसटीने पार्सल निघालं. त्यात दुसरा स्टोव्ह, दोन ट्यूब आणि तिसरा आरसा होता. कराडहून तंबू आला. कोल्हापूरहून मोठं खोकं आलं, त्यात पाने, मलम, इस्त्रीची घडी न मोडलेला एक सदरा आणि रिकामा स्टीलचा डबा. चिवडा मात्र तसाच. म्हणजे एक्सेल पाळलं गेलं नव्हतं.

खोकं आणून द्यायला मीच होतो, तेवढ्यात काकांचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

“पोचलं का पार्सल?”

“पोचलं. जेवलात का?”

“ते राहू दे. आधी सगळं काट्यावर ठेव आणि ग्रॅममध्ये सांग. पुढचा तक्ता करायचाय.”

“काटा बंद आहे.”

“बंद कसा?”

“त्यातला सेल काढून तुम्ही सायकलीच्या मीटरला लावलाय.”

“अरे हो,” काका म्हणाले. “मग असं करतो, निपाणीहून सेल पाठवून देतो. तेवढेच तीन ग्रॅम कमी.”