अकरा-सहासष्ट

परवा रात्री पावणेबाराला बेल वाजली. दारात अण्णा, हातात मोबाईल. "जागा आहेस ना?" हा प्रश्न बेल वाजवून झाल्यावर विचारायचा असतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

"लिलाव संपायला तेरा मिनिटं आहेत. चोर सापडलाय!"

चोर जिन्यात सापडला असेल असं वाटून मी आधी पायात चप्पल सरकवली. चोर मोबाईलमध्ये होता. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया, आणि त्याखाली चढत चाललेली बोली.

"नाणं नको बघू, खालचं कापड बघ. या हळदीच्या डागासकट हेच कापड गेल्या महिन्यात दुसऱ्याच विक्रेत्याकडे होतं. रुपयाही हाच, राणीच्या गालावरचा ओरखडासुद्धा हाच. आणि बोली लावणारे दोघंही तेच. घरातलेच असणार! दीर-भावजय बसून एकमेकांवर भाव चढवतायत. आणि वजन? अकरा-सहासष्ट लिहिलंय का कुठे?"

नव्हतं लिहिलेलं. तेरा मिनिटांनी कुणा तिसऱ्यानंच तो रुपया घेतला आणि अण्णा सुतक लागल्यासारखा चेहरा करून घरी गेले.

असे अण्णा तुमच्याही इमारतीत असतीलच. ते नाणी जमवतात असं काकू म्हणतात. माझ्या मते ते नाणी पकडतात. आयुष्य वजनमापे खात्यात गेलं. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. अण्णा शाल-श्रीफळ घेऊन आले आणि नारळ वजन करून पाहिला. तेव्हापासून शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक चपटा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. हा आकडा ते इतक्या वेळा उच्चारतात, की सोसायटीतली पोरं त्यांना 'अकरा-सहासष्ट' म्हणूनच ओळखतात. कुरिअरवालासुद्धा एकदा खाली उभा राहून विचारत होता, "अकरा-सहासष्टांचा फ्लॅट कुठला?"

हा काटा कुठे निघेल त्याचा नेम नाही. जोश्यांच्या नातवाच्या बारशात त्यांनी मामाकडून आलेला चांदीचा खुळखुळा मामादेखत तोलला. मामा जेवायला थांबला नाही. गणपतीत एकाच पात्रातल्या दोन मोदकांत सात ग्रॅमचा फरक दाखवला. काकूंनी दुसऱ्या दिवशी पेढे आणले. मी एकदा कौतुकानं आजीच्या डब्यातला राणीछाप रुपया दाखवायला नेला, तर काट्यावर ठेवून म्हणाले, "अकरा-अडतीस. कमी आहे." आजीला कुणी चोर म्हटल्यासारखं मला झालं. मी रुपया उचलायला लागलो तसे म्हणाले, "अरे, झिजलाय. बाजारात फिरलाय बिचारा. अंगावर झीज नाही आणि वजन कमी, तर घोळ!" हे आधी सांगायला काय झालं होतं?

त्यांचं शिकवणं असंच, आधी अपमान आणि मग माहिती. खोटं नाणं साच्यात ओतलेलं असेल तर कडेला जोड दिसतो, अंगावर बारीक खड्डे पडतात आणि अक्षरं साबणावरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत येतात. म्हणून कडेचा फोटो मागायचा. विक्रेता कड दाखवायला टाळाटाळ करू लागला, की आपण कडेला व्हायचं. चांदीला लोहचुंबक ओढत नाही; पण नुसतं चुंबकाला चिकटलं नाही म्हणून चांदी ठरत नाही, तांबं-पितळही चिकटत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं कलम: "ज्या जाहिरातीत 'आजोबांच्या पेटीत सापडले' असं लिहिलंय, तिथून पळायचं. या देशात एवढ्या पेट्या असत्या तर आजोबा झोपले कुठे असते?"

माझ्या साडूनं एकदा राम-सीतेचं चित्र आणि पाठीमागे 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असं नाणं लिलावात घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. अण्णांनी ते देव्हाऱ्यातून काढून तोललं. "कंपनीनं असं नाणं कधी पाडलेलंच नाही. १८१८ साली पेशवाई बुडवण्यात गुंतलेली माणसं रामपंचायतन कशाला छापत बसतील?" साडूनं नमस्कार करून नाणं परत देव्हाऱ्यात ठेवलं. तेच साडू पुढे २०१२ सालचं वैष्णोदेवीचं नाणं लाखांत विकायला निघाले आणि 'नोंदणी फी'पायी स्वतःच बुडाले. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कमिशनही घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. अण्णांनी त्या पत्रकाची प्रत लिफ्टमध्ये चिकटवली होती. साडू जिन्यानं आले.

आणि मग गेल्या दिवाळीत हेच अण्णा फसले.

सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया फार दुर्मीळ. १९३८चे मिळतात, १९३९चा भल्याभल्यांना दिसत नाही. अण्णांना तो एका लिलावात दिसला. त्यांनी कडेचा फोटो मागितला, आला. काट्यावर ठेवून व्हिडिओ मागितला, तोही आला. आकडा ११.६५! पेटी नाही, आजोबा नाहीत, हळदीचा डाग नाही. शेवटच्या दहा सेकंदांत अण्णांनी बोली लावली. रक्कम इथे लिहीत नाही, काकू हे वाचतात.

आठवडाभर अण्णा पायरीवरून तरंगत उतरत होते. मग जुन्या बाजारातल्या एका जाणकारानं मोठं भिंग लावलं. शेवटचा नऊ मुळात आठ होता. त्याचं खालचं पोट कोरून उघडलं होतं. तेवढ्या जागेवर चांदीची चकाकी वेगळी होती. रुपया खरा, चांदी खरी, कड खरी. मग वजन कसं चुकणार? खोटं फक्त साल. विक्रेत्याचं खातं तोवर गायब झालं होतं.

खरं सांगतो, मला आधी गंमत वाटली. साडूला फोनही लावला. पण दोन महिने अण्णांनी खिशात काटा ठेवला नाही. भाजीवाला मला विचारू लागला, "बाबा बरे आहेत ना?" तेव्हा मीच त्यांच्याकडे गेलो. तिथे आलेला एक नाणेवाला त्यांना समजावत होता, "आहे तसं परत लिलावात टाका की. आजोबांची पेटी जोडा. गेलेले पैसे निघतील." अण्णांनी त्याला चहा दिला, पण थांबण्याचा आग्रह केला नाही.

तो गेल्यावर त्यांनी कपाटातून एक पाकीट काढून मला दिलं. "मी गेल्यावर पोरं रद्दीच्या भावानं विकतील सगळं. कुणाला तरी पुन्हा टोपी बसायची." पाकिटावर सरकारी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सन १९३८. साल कोरून १९३९ केले आहे. खोटे. विकू नये.' आणि खाली, वेगळ्या ओळीत: 'वजन ११.६५. बरोबर.'

"अण्णा, वजन कशाला लिहिलंत आता?"

"अरे वा! जे खरं आहे ते लिहायला नको?"