व्हँकुव्हरची भिंत

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, फक्त भिंत आजारी आहे. पूर्णेच्या घरात तुमच्या चिरंजिवांनी कॅलेंडरसाठी खिळा ठोकला तेव्हा खिळा वाकला होता. इथं खिडकीखाली त्यांनी नुसतं बोट टेकवलं, तर ते पेरभर आत गेलं. पाहुण्यांना आता भिंतीला टेकून बसू देत नाहीत.

बाबा विचारतील, गिलाव्याची भिंत अशी कशी? तर गिलावा नुसता तोंडदेखला. त्याच्यामागे काळा कागद, लाकडाचे कपचे दाबून केलेली फळी, लाकडी सांगाडा, त्यात काचेचा कापूस, मग प्लास्टिकचा पडदा आणि शेवटी जिप्समचा बोर्ड. खिडकीच्या कोपऱ्यातल्या बारीक फटीतून पाणी आत शिरतं आणि तिथंच मुक्काम ठोकतं. बाहेर पडायला वाट नाही, आतल्या प्लास्टिकमुळं सुकायचीही सोय नाही. लाकूड कुजत राहतं आणि बाहेरून भिंत लग्नघरासारखी टापटीप!

तपासायला आलेल्या माणसानं यंत्राच्या दोन सुया लाकडात खुपसल्या. ओल 20 टक्क्यांच्या आत हवी. 30 च्या आसपास गेली की बुरशीची चंगळ. आकडा बघून तो गप्प झाला. चिरंजिवांनी परभणीच्या सवयीनं विचारलं, "पास होण्यापुरते आहेत ना?"

हे दुखणं इथलं जुनंच. 1980 आणि 90 च्या दशकांत इथं कॅलिफोर्नियाच्या धर्तीवर, वळचण नसलेल्या गिलाव्याच्या इमारती धडाधड उभ्या राहिल्या. कॅलिफोर्नियातलं ऊन मात्र कुणी सोबत आणलं नाही. व्हँकुव्हरला वर्षाला सुमारे 1,200 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. ऑक्टोबर ते मार्च नुसती रिपरिप. भिंत सुकणार कधी? शेवटी इमारतीच्या इमारती मोंढ्यातल्या मालासारख्या ताडपत्रीखाली गेल्या. 1998 मध्ये प्रांताचे माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांचा चौकशी आयोग बसला आणि त्याच वर्षी घरमालकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. नुकसानीचा अंदाज सुमारे 4 अब्ज कॅनेडियन डॉलर.

उपाय सापडला तो साधा. गिलावा आणि आतली फळी यांच्यामध्ये सुमारे 10 मिलिमीटरची पोकळी सोडायची. पाणी शिरलं तरी पोकळीतून खाली उतरतं, वारा खेळतो, लाकूड सुकतं. व्हँकुव्हर शहरानं अशी भिंत 1996 पासून सक्तीची केली. आपली इमारत त्याआधीची, म्हणून आता सगळा गिलावा उतरवायचा आहे. सोसायटीच्या सभेत प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च ऐकून चिरंजिवांनी पाणी मागितलं. सूनबाई म्हणाली, "भिंतीत आहे की भरपूर!"

बाबा, एक विनंती. मागच्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचं चाललंय असं कळलं. करू नका, आतली ओल कोंडून भिंत फुगेल आणि पोपडे धरतील. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करा. माळवदाचं पनाळ भिंतीपासून हातभर पुढं राहू द्या. नव्या खोलीच्या खिडक्यांवर छज्जा घ्या आणि त्याच्या खालच्या कडेला खाच ठेवायला गवंड्याला सांगा, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथंच गळून पडेल.

तुमची,
सूनबाई