कुंपणापलीकडचं हिरवं पाणी

"काकू, मघापासून नळावर काय घासत बसलाय एवढं?"

"आमच्या फिशटँकच्या यूव्हीची नळी गं. ये अशी जवळ, पण बोट नको लावूस, ठसे उठतात. हे बघ, मधोमध कसं पांढुरकं पुट चढलंय. बोअरच्या पाण्याचा प्रताप, दुसरं काय! तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची आणि मऊ फडक्यानं पुसायची. तारेची घासणी लावायची नाही, चरे पडतात. हे पुट राहिलं तर आत दिवा लागूनही उपयोग शून्य. किरणं पाण्यापर्यंत पोचायला नकोत?"

"एवढे लाड कशाला? फुटली तर काचवाल्याकडून दुसरी आणायची."

"काचवाल्याची चालत नाही. साध्या काचेत ही किरणं अडतात, म्हणून क्वार्ट्झची नळी लागते. आमच्या ह्यांनी तिला हात लावायचा नाही, असा घरात कायदाच आहे. गेल्या दिवाळीत पणत्यांचं काय झालं ते तू पाहिलंसच."

"बरं आठवलं. त्या बँकवाल्यांकडे पण यूव्ही आणलाय म्हणे. रात्रभर जांभळा उजेड दिसतो आमच्या गच्चीवरून."

"अगं, तीच तर गंमत! खरा यूव्ही असा मिरवत नाही. तो प्लास्टिकच्या डब्यात बंद असतो, पाणी एकीकडून आत जातं, दिव्याच्या अंगावरून वाहतं, दुसरीकडून बाहेर येतं. आपल्या ओट्यावरच्या प्युरिफायरमध्ये असतो ना, तोच प्रकार. बाहेरून झालंच तर बारीकसा निळसर ठिपका दिसतो, तेवढ्यावरून चालू आहे की बंद ते कळतं. जंतू मारणारी किरणं २५४ नॅनोमीटरची, ती डोळ्यांना दिसतच नाहीत. बँकवाल्यांना दुकानदारानं जांभळी एलईडी पट्टी गळ्यात मारली. खोक्यावर ३९५ लिहिलंय, वहिनींनी मला कौतुकानं दाखवलं. मी काही बोलले नाही."

"का नाही बोललात?"

"अरोवाना आणल्यापासून त्या कोणाचं ऐकतात? लक्ष्मी येते म्हणे त्यानं. मासा वाढणार दोन-अडीच फूट आणि टँक तीन फुटांचा. लक्ष्मी येईल तेव्हा येईल, त्या बिचाऱ्यानं वळायचं कुठे? त्यातून टँक ठेवलाय पश्चिमेच्या खिडकीत. दुपारभर ऊन. सकाळ-संध्याकाळ कोळंबीचे तुकडे, उरलेले तळाशी कुजतायत. पाणी पालकाच्या सूपासारखं होणार नाही तर काय!"

"पण खरा यूव्ही लावला तर जाईल ना तो हिरवेपणा?"

"जाईल, चार-आठ दिवसांत काचेसारखं नितळ होईल. पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ त्या दिव्यासमोरून गेलं की मेलंच. पण ऊन आणि घाण तशीच राहिली तर दिवा जन्मभर राबवत बसा. आणि काचेवर, दगडांवर जे चिकटून बसलंय त्याला ढिम्म काही होत नाही. ते दिव्यासमोर जातंय कुठे? ते हातानंच खरवडायचं."

"माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके येतात, त्याला तरी चालतो का?"

"अर्धामुर्धा. तो किडा अंगावर वाढतो, मग गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ते नवा मासा शोधत पाण्यात सुटतात. तेवढ्या वेळात जे यूव्हीत सापडतील ते मरतात. अंगावरच्यांना नखभरही धक्का नाही, त्यांना औषधच. आणि औषध चालू असताना यूव्ही बंद ठेवायचा हं! काही औषधं त्या किरणांनी फुकट जातात. हे दुकानात कोणी सांगत नाही."

"चांगले बॅक्टेरिया पण मरतात असं ऐकलं."

"ते फिल्टरच्या स्पंजात आणि खडीत घर करून असतात. पाण्यात फिरतात ते थोडे. फक्त नव्या टँकमध्ये बाटलीतले बॅक्टेरिया ओतलेस तर दोन-तीन दिवस दिवा लावू नकोस."

"आणि घ्यायचा तर किती वॉटचा?"

"आधी पाणी मोज. तीन बाय दीड बाय दीड फूट म्हणजे पावणेसात घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणजे १९० च्या आसपास. खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केलीस तर दीडशे-पावणेदोनशे धर. एवढ्याला आमच्याकडे ९ वॉटचा आहे, छान चालतो. पण नुसते वॉट बघून पैसे टाकू नयेत. तासाला किती लिटर पाणी त्यातून सोडायचं, ते खोक्यावर लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं. जिथे लिहिलेलंच नाही ते खोकं तिथेच ठेवायचं."

"मोठा पंप लावला की काम लवकर."

"उलट! पाणी सुसाट गेलं तर किरणं लागणार किती वेळ? शेवाळ तसं लवकर मरतं, तासाला टँकभर पाणी एकदा-दीडदा फिरलं तरी पुरतं. किड्यांना मारायचं तर आणखी सावकाश सोडावं लागतं."

"आणि बसवायचा कुठे?"

"फिल्टरच्या नंतर, परतीच्या पाइपवर. गाळ आधी निघाला पाहिजे, गढूळ पाण्यात किरणं शिरत नाहीत. आमचा टँकखालच्या कपाटात उभा ठोकलाय. पाणी खालून शिरतं आणि वरून निघतं, म्हणजे आत हवा अडकत नाही. ठोकायच्या आधी मी तो मोरीत बादलीवर तासभर चालवून पाहिला. एका झाकणाची रबरी रिंग तिरकी बसली होती, तिथून थेंब थेंब गळत होता. कपाटात गळला असता तर प्लायवूड फुगला असता आणि ह्यांनी मला वर्षभर ऐकवलं असतं."

"आणि विजेचं?"

"वायर आधी खाली लोंबू द्यायची, मग वर सॉकेटकडे न्यायची. वायरवरून ओघळ आला तर खालीच टपकतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. घरात ईएलसीबी असलाच पाहिजे. पंप आणि दिवा एकाच स्विचवर. पंप थांबला आणि दिवा चालू राहिला तर आतलं पाणी तापतं. उघडायच्या आधी प्लग काढायचाच, आणि चालू दिव्याकडे गंमत म्हणूनही बघायचं नाही. डोळे भाजतात, कातडीही. शिवाय त्यात पारा असतो, फुटला तर झाडूनं भराभर गोळा करायला जायचं नाही."

"मग दिवा वर्षानुवर्षं चालतो का?"

"उजेड देतो, पण काम करत नाही. आठ-नऊ हजार तास, म्हणजे सतत लावला तर वर्षभर. मग आपल्याला वाटतं चालू आहे, आणि जंतूंची चंगळ. मी कालनिर्णयवर बदलायची तारीख लिहून ठेवते, गॅसच्या नंबराच्या शेजारी."

"आमच्या छोटीच्या गप्पींना घेऊ का मग एक?"

"वीस लिटरच्या टँकला? काही नको. आठवड्याला पाव टँक पाणी बदल, खाणं निम्म्यावर आण. त्या पैशांत तिला सायकल घे."

"आणि बँकवाल्यांना कोण सांगणार? पडदा लावा, एवढं तरी..."

"मी नाही बाई. त्यांच्या कुत्र्याबद्दल बोलले तर पंधरा दिवस माझ्याकडे बघितलं नव्हतं. तूच जा. तुझ्याकडे तो जाड निळा पडदा पडून आहे ना? धुतल्यावर आखूड झालेला? 'आमच्या खिडकीला बसत नाही, तुम्हाला बसतोय का बघा' म्हणून देऊन ये. पण आधी त्यांच्या खिडकीवर धरून नीट मापून बघ हं. नाहीतर खाली वीतभर ऊन यायचंच."